बंधाऱ्याच्या कागदावर सही करण्याआधी तुमच्या पुळणीवरची वाळू कुठे जाते ते बघा

तुमचा प्रश्न वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात परत मांडते. सिंधुदुर्गात किनाऱ्याला लागून वडिलोपार्जित वाडी, पुढे समुद्र, मागे खाडी, आणि खाडीचं मुख दक्षिणेला साधारण किलोमीटरभर. गेल्या सहा-सात पावसाळ्यांत माडांच्या दोन ओळी गेल्या आणि घर आता तुटलेल्या कडेपासून चाळीसेक मीटरवर आलंय. उत्तरेच्या शेजाऱ्याने स्वतःच्या खर्चाने चिऱ्याची भिंत घातली. गावात दगडी धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी चालू आहे आणि त्यासाठी तुमची संमती मागितलीय. तुम्ही विचारताय की सही करू का, बंधाऱ्याने पुळण (समोरचा वाळूचा किनारा) जाते म्हणतात ते खरं का, आणि घराच्या दुरुस्तीवर आत्ता पैसे घालावेत का.

मी किनारा संरक्षणाच्या कामात बरीच वर्षं आहे, सर्व्हे, डिझाइन, साइटवर उभं राहून दगड रचून घेणं सगळं केलंय आणि जास्त करून कोकणातच. पण तुमची जागा मी पाहिलेली नाही, त्यामुळे सही करा किंवा करू नका असं एका ओळीत सांगणं बरोबर होणार नाही. काय बघून ठरवायचं ते मात्र नीट सांगू शकते.

खरा प्रश्न बंधाऱ्याचा नाहीच, तो वाळूचा आहे. तुमच्या पुढची वाळू जाऊन परत येते, की जाते ती जातेच, की नुसती इकडची तिकडे सरकते? या तिन्हीमध्ये माड पडताना सारखेच दिसतात, पण उपाय तिन्हींचे वेगळे.

पहिला प्रकार म्हणजे दरवर्षीचा. जूनला नैऋत्येकडून मोठ्या लाटा सुरू झाल्या की समुद्र पुळणीवरची वाळू ओढून थोड्या खोल पाण्यात नेऊन टाकतो, तिथे तिचा आडवा उंचवटा तयार होतो आणि लाटा त्याच्यावरच फुटायला लागतात, म्हणजे एका अर्थी किनारा स्वतःचा बंधारा स्वतःच घालतो. ऑक्टोबरनंतर लाटा लहान आणि लांब झाल्या की तीच वाळू हळूहळू परत वर चढते. ऑगस्टमध्ये पुळण बघून घाबरलेली माणसं फेब्रुवारीत बघितली तर म्हणतात अरे, भरली की परत! या प्रकारात काही बांधायची गरज नसते, फक्त त्या येण्याजाण्याच्या पट्ट्यात घर, भिंत, रेस्टॉरंट असं काही असू नये.

दुसरा प्रकार खाडीच्या मुखाजवळचा. तुमची जागा मुखापासून किलोमीटरवर आहे म्हणून हा प्रकार मला सगळ्यात जास्त शक्य वाटतो. पावसाळ्यात नदीचा लोंढा मुखातली वाळू बाहेर ढकलतो, बाकीचे महिने लाटा तीच वाळू आत सारतात, आणि खाडीचा मुख्य प्रवाह कधी या काठाला तर कधी त्या काठाला लागतो. प्रवाह तुमच्या बाजूला लागला की चार-पाच वर्षांत तीस-चाळीस मीटर जमीन जाऊ शकते आणि तो फिरला की समोरच्या काठाची जायला लागते. मालवणजवळच्या देवबागात हे कोणालाही बघायला मिळेल, एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी, मध्ये जमिनीची अरुंद पट्टी आणि टोकाला सतत आकार बदलणारे वाळूचे पट्टे. तिथे नकाशावर किनाऱ्याची एकच पक्की रेघ मारायचा प्रयत्न केलात तरी ती टिकणार नाही.

तिसरा प्रकार कायमच्या तुटीचा. कोकणातल्या बऱ्याच पुळणी दोन डोंगरी नाकांच्या, म्हणजे समुद्रात घुसलेल्या डोंगराच्या टोकांच्या, मध्ये अडकलेल्या आहेत, वाळूचं बाहेरून येणं कमी आणि बाहेर जाणंही कमी, त्यामुळे जे आहे त्यातच भागवायचं असतं. त्यातून कोणी वाळू काढून घेतली, वर धरणाने अडवली, किंवा बाजूला जेटी किंवा ब्रेकवॉटर (लाटा अडवायला समुद्रात घातलेला बांध) घालून तिची वाट बंद केली तर ती तूट भरून येत नाही. खाडीत हातपाटीने काढलेली वाळू आणि सक्शन पंपाने रात्रंदिवस ओढलेली वाळू यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि गावात बंधाऱ्यासाठी सह्या गोळा होत असताना मुखाशी सक्शन पंप चालू असेल तर आधी तो बंद करा, बाकीचं सगळं नंतर. हे मी अगदी कळकळीने सांगतेय, कारण पंप चालू ठेवून घातलेला बंधारा म्हणजे खर्चही गावाचा आणि नुकसानही गावाचंच.

समुद्राची पातळी वाढतेय हेही या तिसऱ्या प्रकारातच धरा. उत्तर हिंदी महासागरात १९९३ ते २०१५ या काळात ती वर्षाला सरासरी ३.३ मिलिमीटरने वाढलीय. आकडा लहान वाटतो, पण पुळणीचा उतार अगदी कमी असतो त्यामुळे उभ्या मिलिमीटरचे आडवे कितीतरी जास्त होतात. तरीही सहा वर्षांत दोन ओळी माड नुसत्या याने जात नाहीत, काहीतरी स्थानिक कारण आहे हे नक्की समजा. राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ च्या उपग्रहचित्रांवरून अभ्यास केला त्यात महाराष्ट्राचा साधारण २५ टक्के किनारा धुपतोय, १० टक्के वाढतोय आणि ६४ टक्क्यांच्या वर स्थिर आहे असं निघालं. म्हणजे "समुद्र सगळीकडेच आत येतोय, कोण काय करणार" हे खरं नाही.

आता तुमचा प्रकार कुठला ते कसं ओळखायचं. गूगल अर्थमध्ये जुनी चित्रं बघायची सोय आहे, ती बघा, पण मे महिन्याचं मे महिन्याशीच लावा आणि नोव्हेंबरचं नोव्हेंबरशी, नाहीतर ऋतूचा फरक तुम्ही धूप म्हणून मोजाल. ओल्या वाळूची कड बघू नका, ती भरती-ओहोटीने सरकते, झाडोऱ्याची कड बघा. तुमच्या बाजूचं कमी होताना मुखापलीकडच्या काठावर वाढलेलं दिसलं तर बहुतेक दुसरा प्रकार. दोन्हीकडे कमी होत असेल तर तिसरा.

आणि प्रत्यक्ष मोजा, हे घरच्या घरी होतं. दोन सरळ काठ्या घ्यायच्या, बरोबर सारख्या उंचीच्या, दीड मीटरच्या चालतील, त्यांच्यावर वरून खाली सेंटिमीटरच्या खुणा करायच्या आणि मध्ये दोन मीटरची दोरी. सुरुवात हलणार नाही अशा जागेपासून, विहिरीचा काठ किंवा घराचा जोता. एक जण काठी घेऊन समुद्राकडे दोन मीटर पुढे उभा राहतो, दुसरा मागच्या काठीला डोळा लावतो आणि पुढच्या काठीचं टोक क्षितिजाच्या रेषेत येईपर्यंत डोळा खाली आणतो. त्या वेळी मागच्या काठीवर टोकापासून जितके सेंटिमीटर खाली डोळा आला तितकी दोन मीटरमध्ये पुळण उतरली. मध्येच पुळण चढत असेल तर उलटं, मागच्या काठीच्या टोकावरून क्षितिज बघून पुढच्या काठीवर आकडा वाचायचा. असं ओहोटीच्या पाण्यापर्यंत जायचं आणि वहीत लिहायचं. मे अखेरीस, ऑगस्टमध्ये उघाड मिळेल तेव्हा आणि डिसेंबरात, प्रत्येक वेळी ओहोटी बघून. शाळेतली मुलंसुद्धा अर्ध्या तासात करतात. दोन वर्षांची अशी वही असली ना तर आलेल्या कुठल्याही इंजिनिअरला ती नुसत्या फोटोंपेक्षा शंभर पटींनी जास्त सांगते, मी स्वतः अशा वहीसाठी गावात विचारत फिरते आणि क्वचितच मिळते.

आता दगडी बंधाऱ्याबद्दल. बंधारा मागची जमीन वाचवतो, पुढची पुळण वाचवत नाही. नीट केलेला बंधारा मागचं घर खरंच वाचवतो, आणि जिथे दाट वस्ती किंवा रस्ता अगदी कडेवर आलाय तिथे मी स्वतः बंधाराच सुचवते. पण पुळण तुटतच असेल तर बंधारा तिला थांबवत नाही, कड एका जागी बांधून टाकतो आणि समोरची वाळू खाली खाली जात राहते. मग उधाणाला लाट थेट दगडावर येते, आपटून परतते आणि पायथ्याची वाळू उकरून नेते.

इथेच बहुतेक बंधारे हरतात. उथळ पाण्यात लाट किती मोठी येऊ शकते हे तिथल्या पाण्याच्या खोलीवर ठरतं, खोली वाढली की लाट त्याच प्रमाणात वाढते. आणि त्या लाटेसमोर टिकायला दगड किती वजनाचा लागतो ते लाटेच्या उंचीच्या घनाने वाढतं. म्हणजे बांधताना पायथ्याशी उधाणाच्या भरतीला दोन मीटर पाणी होतं आणि काही पावसाळ्यांनी वाळू जाऊन तिथे तीन मीटर झालं, तर आता लागणारा दगड तिपटीहून जास्त वजनाचा. एक टनाचा पुरत होता तिथे सव्वातीन-साडेतीन टनाचा पाहिजे. दगड तोच असतो, खालची जमीन बदललेली असते. रत्नागिरीच्या मिऱ्या बंधाऱ्याला वर्षानुवर्षं भगदाडं पडत राहिली, डागडुजी होत राहिली आणि शेवटी टेट्रापॉडपर्यंत, म्हणजे चार पायांच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांपर्यंत, जावं लागलं, त्याच्यामागे हाच हिशोब आहे.

दुसरं, दगडांच्या खाली काय आहे ते बघा. वर मोठे दगड, खाली लहान दगडांचा थर आणि त्याखाली जिओटेक्स्टाइलचं कापड असं असावं लागतं, म्हणजे पाणी जातं-येतं पण वाळू येत नाही. हे गाळून नुसते दगड वाळूवर टाकले की प्रत्येक लाट फटीतून थोडी थोडी वाळू शोषून नेते. तालुक्यातल्या एखाद्या जुन्या बंधाऱ्यावर ओहोटीला जाऊन बघा. माथ्याची रेघ मध्ये मध्ये खाली बसलेली दिसेल, आणि बंधाऱ्याच्या मागे गवतात चालताना पाय अचानक ढोपरापर्यंत आत जाईल, कारण वर गवत आणि खाली पोकळी. लोक म्हणतात दगड समुद्राने नेले, बऱ्याच वेळा दगड तिथेच असतात, वाळूत रुतून गेलेले.

तिसरं, टोकं. बंधारा जिथे संपतो तिथून पुढच्या जागेवर धूप वाढते. एक तर बंधाऱ्यामागची वाळू अडकून पडते, पूर्वी ती तुटून शेजारच्या पुळणीला मिळत होती ती आता मिळत नाही, आणि टोकाशी लाट वळून आत घुसते. शेजाऱ्याच्या चिऱ्याच्या भिंतीचं दक्षिण टोक तुमच्या हद्दीवर आहे, आणि तुम्ही म्हणता की तुमची दुसरी ओळ भिंत झाल्यानंतरच गेली. एवढ्यावरून मी शंभर टक्के म्हणू शकत नाही, पण हद्दीला लागून तुमच्याकडे अर्धगोल खाच पडली असेल आणि लांब गेल्यावर तुटणं कमी होत असेल तर ते भिंतीमुळेच आहे. शेजाऱ्यावर राग धरू नका, घाबरलेला माणूस तेच करतो. त्याची भिंतही टिकणार नाही, उभी सिमेंटमध्ये बांधलेली चिऱ्याची भिंत खालून वाळू गेली आणि मागून पावसाचं पाणी दाबायला लागलं की पुढे कोसळते. आणि हो, त्याने घातली म्हणून तुम्ही घालू नका. धूप रोखायची कामं सीआरझेडमध्ये (किनारा नियमन क्षेत्रात) बंद नाहीत, पण परवानगी घेऊनच करायची असतात, खासगी भिंतीला नोटीस येऊ शकते.

पुदुच्चेरीचं उदाहरण यासाठी बघण्यासारखं आहे. तिथला किनारा पूर्वेचा, वाळू वर्षभराच्या हिशोबात दक्षिणेकडून उत्तरेला जाते. १९८९ मध्ये बंदराचे ब्रेकवॉटर पूर्ण झाले आणि ती वाट अडली. शहरासमोरची पुळण गेली, तिथे दगड टाकले, मग धूप उत्तरेच्या कोळीवाड्यांकडे सरकली. बऱ्याच वर्षांनी पाण्याखाली रीफ (लाटा आधीच फोडणारा कृत्रिम उंचवटा) आणि वाळूची भर असा मार्ग घेतला तेव्हा शहरासमोर थोडी पुळण परत आली. आपल्याकडे किनारा वेगळा, लाटा वेगळ्या, त्यामुळे तसंच्या तसं उचलून इथे लागू होणार नाही. पण वाळूची वाट न बघता दगड टाकले की धूप पुढच्या गावाला जाते हे दोन्हीकडे सारखंच.

मग दगड नाही तर काय? तुमची कड आणि घर यांच्यात चाळीस मीटर आहेत, ही तुमची सगळ्यात मोठी मिळकत आहे, ती वापरा. कडेलगतची वाळूची टेकडी सपाट करू नका, तिच्यावर मर्यादवेल, केवडा वाढू द्या, समुद्राकडे चालायला एकच वाट ठेवा आणि ती सरळ न ठेवता तिरकी. वाऱ्याने येणारी वाळू थांबवायला सुक्या झावळ्यांचं गुडघाभर उंचीचं कुंपण पुरतं. हे पहिल्या प्रकारात छान काम करतं, दुसऱ्यात थोडं, तिसऱ्यात एकट्याने पुरणार नाही. सुरूबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे, वाऱ्याला आडोसा म्हणून मागच्या बाजूला ठीक, पण अगदी कडेवर सुरू लावला की खालची वाळू गेल्यावर झाड मुळासकट उपटतं आणि मोठा खड्डा पाडून जातं. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडच्या किनाऱ्यावर सुरूची बनं कशी आडवी झाली ते खूप जणांनी पाहिलंय.

वाळूच्या पिशव्या, जिओट्यूब (वाळू भरलेल्या लांब कापडी नळ्या) वगैरे चालतात, पण त्यांना उन्हाने आणि सुरीने भोक पडतं, देखभालीला माणूस लागतो, आणि भरायची वाळू त्याच पुळणीवरून उचलली तर काहीच साधत नाही. लोखंडी जाळीतले दगड खाऱ्या पाण्यात जास्त वर्षं टिकत नाहीत, जाळी गंजते. ज्या गावात रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं मासेमारीचं जाळं) लागते तिथे तर दगडाचा ढीग हा पोटावर पाय आहे, रापण ओढायला मोकळी पुळण लागते, तेव्हा रापणकरांना बैठकीला बोलावल्याशिवाय काही ठरवू नका.

इथपर्यंतचं एकत्र सांगायचं तर: आधी प्रकार ओळखा, वाळू उपसा चालू असेल तर तो थांबवा, शेजाऱ्याच्या भिंतीचं टोक तपासा, आणि बंधारा घ्यायचाच तर तो पूर्ण खाडीमुखापासून पुढच्या नाकापर्यंतचा विचार करून घ्या.

मागच्या खाडीचं कोणी बोलत नाही, तुम्हीही एका ओळीतच लिहिलंय की "पाणी कधीकधी मागूनही येतं". मला तेच जास्त काळजीचं वाटतं. पुढून समुद्र माड नेतो, पण घरात पाणी येतं ते बऱ्याचदा मागून. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडी भरलेली असताना मुसळधार पाऊस झाला की पावसाच्या पाण्याला जायला जागाच नसते. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला वाशिष्ठीचा पूर आला त्यात भरतीचाही हात होता. पुढे उंच दगडी बंधारा घातला आणि पाण्याला वाट ठेवली नाही तर वाडी दोन्हीकडून कोंडते. मोरीला एकदिशा झडप लावता येते, भरतीला बंद होणारी आणि ओहोटीला आपोआप उघडणारी, रायगडच्या खारभूमीच्या बांधांना असलेल्या उघाड्या याच तत्त्वावर चालतात. पण तिच्यातला कचरा आणि गाळ पावसाळ्याआधी काढणारं कोणीतरी नेमलेलं पाहिजे. विहिरीचं पाणी मचूळ होत असेल तर ते कुठल्याच बंधाऱ्याने थांबत नाही, खारं पाणी जमिनीखालून येतं, तिथे उपसा कमी करणं आणि पावसाचं पाणी मुरवणं हाच मार्ग.

सहीबद्दल. मी तुमच्या जागी असते तर सरसकट संमती दिली नसती आणि नकारही दिला नसता, अटींसह संमती लिहून दिली असती आणि तीच ग्रामसभेच्या ठरावात घ्यायला लावली असती. निदान एका पूर्ण वर्षाचा पुळणीचा सर्व्हे, खाडीच्या मुखाची खोली मोजलेली, दोन्ही टोकांना शेजारच्या जागेचं काय होणार याचं लेखी उत्तर, पायथा किती खोल नेणार आणि खाली फिल्टर (लहान दगड आणि कापडाचा थर) कुठला, पावसाच्या पाण्याची वाट, होड्या आणि रापणीला जागा, आणि देखभालीचा पैसा कोण देणार. डिझाइन पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रासारख्या संस्थेने तपासलंय का तेही विचारा, अशी कामं तिथे मॉडेलवर तपासतात. शेवटच्या मुद्द्यावर, म्हणजे देखभालीवर, अडून बसा. बांधायला निधी मिळतो, तिसऱ्या पावसाळ्यानंतर दहा दगड जागेवर लावायला मिळत नाही.

निधीचं म्हणाल तर पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी धूप रोखायला १५०० कोटी आणि धुपीने घर गेलेल्यांच्या पुनर्वसनाला १००० कोटी रुपये सुचवले होते, त्यात नद्या आणि समुद्र दोन्ही आले. मी हे मुद्दाम सांगतेय, कारण पुनर्वसन हा शब्द काढला की गावात लोक चिडतात, पण मागे सरकणं हाही पर्याय म्हणून मोजायला हवा.

घराच्या दुरुस्तीचं शेवटी. छप्पर गळतंय तर करा, राहणारी माणसं आहेत. पण समुद्राच्या बाजूला नवीन खोल्या, नवीन पडवी, नवीन संडासाची टाकी यातलं काही करू नका. सरासरी काढून "वर्षाला दोन मीटर म्हणजे अजून वीस वर्षं" असा हिशोब करू नका, कारण कड सरासरीने तुटत नाही, एखाद्या वाईट आठवड्यात दहा मीटर जाते आणि मग तीन वर्षं काहीच होत नाही. गेल्या सहा-सात वर्षांत एका पावसाळ्यात जास्तीत जास्त किती गेलं ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, आणि कड घरापासून त्याच्या दुप्पट अंतरावर आली की तो पावसाळा तिथे काढायचा नाही, निदान रात्री झोपायचं नाही, हे आत्ताच सगळ्यांनी मिळून ठरवून ठेवा. वाडी मागच्या बाजूला जागा देत असेल तर पुढचं मोठं काम तिथेच करा, जोता जमिनीपासून उंच घेऊन.

फोटो टाकणार असाल तर पूर्ण ओहोटीचे टाका, एक शेजाऱ्याच्या भिंतीच्या दक्षिण टोकाचा बाजूने घेतलेला, एक तुटलेल्या कडेचा शेजारी माणूस उभा करून, आणि एक खाडीच्या मुखाचा. सोबत तारीख आणि वेळ लिहा म्हणजे भरती किती होती ते मला काढता येईल. ते बघून दुसरा प्रकार की तिसरा हे बऱ्यापैकी खात्रीने सांगू शकेन.